सोलापुरात बसून मास्टरिंगची साखळी कशी लावायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आषाढीच्या आधी दीड-दोन महिने आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेआधी डिसेंबरात फोन सुरू होतात. कुणाचे अभंग वारी निघायच्या आत यायला हवे असतात, कुणाचं नंदीध्वजाचं गाणं संक्रांतीआधी यूट्यूबवर चढायला हवं असतं. रेकॉर्डिंग झालेलं असतं, मिक्सही झालेला असतो आणि विचारणं एकच असतं : "आता शेवटची साखळी कशी लावू?" साखळी म्हणजे तयार मिक्सवर एकामागून एक लावलेली प्लगइन, म्हणजे कॉम्प्युटरमधली आवाजावर काम करणारी यंत्रं; प्रत्येक यंत्र ही एक कडी. फोनवर जे सांगतो तेच इथं सविस्तर लिहितोय. एक आग्रह या उत्तरांत पुन्हा पुन्हा दिसेल : पातळी सारखी करून ऐकल्याशिवाय कुठलाही निर्णय घ्यायचा नाही.

मिक्स झाल्यावर मास्टरिंगची वेगळी गरज काय?

मिक्स करताना पखवाज, टाळ, पेटी, गायक सगळे वेगवेगळ्या ट्रॅकवर तुमच्या हातात असतात. मास्टरिंगला येते ती एकच स्टिरिओ फाइल. तिथं तुम्ही पेटी कमी करू शकत नाही. पेटीच्या पट्ट्यातला जो काही आवाज आहे तो सगळाच कमी होतो, गायकासकट. म्हणून मास्टरिंगची कामं मोजकीच : आवाजाचा एकूण तोल बघणं, चढउतार आवरणं, पातळी ठरवणं, आणि मोबाइल, गाडी, मंडपातला भोंगा अशा सगळीकडे गाणं टिकेल याची खात्री करणं. मिक्समधली चूक मास्टरिंगमध्ये झाकायला जाऊ नका. मिक्स परत मागवा. त्यात कुणाचाही कमीपणा नाही.

मिक्स करणाऱ्याकडून फाइल कशी मागवू?

डब्ल्यूएव्ही, २४ बिट किंवा ३२ बिट फ्लोट, आणि ज्या सॅम्पल रेटवर काम झालं त्याच रेटवर. मास्टर ट्रॅकवर लिमिटर (आवाज ठरलेल्या छताच्या वर जाऊ न देणारा) असेल तर तो काढून. कंप्रेसर (मोठा आवाज दाबून चढउतार कमी करणारा) मात्र मिक्सचाच भाग म्हणून आधीपासून लावलेला असेल तर राहू द्या, कारण सगळा तोल त्याच्यावरच बसवलेला असतो. "६ डीबी हेडरूम ठेवलीच पाहिजे" असं बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. हेडरूम म्हणजे छतापर्यंतची मोकळी जागा. २४ बिटमध्ये तेवढं कडक पाळायची गरज नाही. पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात उंच टोक, मायनस २ वर आली तरी चालते, वर फाटलेली नसली की झालं.

व्हॉट्सॲपवर आलेल्या एमपीथ्रीवर काम करू नका. डब्ल्यूएव्ही पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर ड्राइव्हची लिंक घ्या. एमपीथ्रीची डब्ल्यूएव्ही करून पाठवली तर गेलेलं काही परत येत नाही.

साखळीत काय काय, आणि कोणत्या क्रमानं?

माझी सुरुवात अशी असते : गेन, मग नको ते काढणारा ईक्यू (आवाजाचा एखादा पट्टा कमी-जास्त करणारा), मग कंप्रेसर, मग रंग देणारा ईक्यू, गरज असली तर किंचित सॅच्युरेशन (आवाज जाड वाटायला दिलेली हलकी विकृती), मग स्टिरिओची रुंदी, मग लिमिटर, आणि अगदी शेवटी डिदर (बिट कमी करताना मिसळायची अगदी बारीक खरखर). मीटर लिमिटरच्या नंतर.

या क्रमाला कारण आहे. कंप्रेसरला गाणं कळत नाही, त्याला फक्त पातळी कळते. माइकच्या स्टँडला बसलेला धक्का किंवा २५-३० हर्ट्झची घरघर कानाला जाणवत नसली तरी कंप्रेसर तिच्यावर दबतो आणि तिच्याबरोबर गायकाचा आवाजही खाली ओढतो. म्हणून नको ते आधी काढायचं. उलट गायकीला दोन-तीन किलोहर्ट्झला उठाव द्यायचा असेल तर तो कंप्रेसरनंतर द्यायचा. आधी दिलात तर तुम्ही एका हातानं दिलेलं कंप्रेसर दुसऱ्या हातानं काढून घेतो. लिमिटर शेवटी, कारण छत एकदा ठरलं की त्याच्यावर काही चढवायचं नाही.

हा क्रम पाठ करायचा नाही. प्रत्येक गाण्याला मी रिकाम्या साखळीपासून सुरुवात करतो. आधी एकदा सगळं गाणं काहीही न लावता ऐकायचं, कागदावर तक्रारी लिहायच्या, आणि ज्या तक्रारीला उत्तर म्हणून एखादं यंत्र लागेल तेवढंच लावायचं. कागदावर दोन तक्रारी असतील तर साखळीत लिमिटर सोडून दोनच कड्या हव्यात.

प्लगइन चालू केलं की गाणं लगेच भारी वाटतं. म्हणजे ते बरोबर बसलं ना?

सगळ्यात जास्त फसगत इथंच होते, म्हणून जरा थांबून सांगतो. एकच आवाज एखाद-दीड डीबी मोठा करून ऐकवला तर कान त्याला "मोठा" म्हणत नाही, "चांगला" म्हणतो. बास भरल्यासारखा वाटतो, टाळ चमकल्यासारखे वाटतात. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं की हळू आवाजात कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात, आणि पातळी वाढली की ते भरभर वर येतात. प्लगइन बहुतेक वेळा पातळी थोडी वाढवतंच. पाच प्लगइन लावली की चार-पाच डीबी वाढलेले असतात आणि तुम्हाला वाटतं गाणं सुधारलं.

उपाय साधा आहे. मूळ मिक्स दुसऱ्या ट्रॅकवर ठेवायचा. दोन्हींची लफ्समधली (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजणारं माप) पातळी मीटरवर सारखी करायची, म्हणजे जे मोठं असेल ते खाली आणायचं. मग डोळे मिटून एकदा हे, एकदा ते.

एका अभंगावर मी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या. सहा कड्या झाल्या होत्या आणि मला स्वतःला फार आवडलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी पातळी सारखी करून ऐकलं. मूळ मिक्समध्ये गायिका ओळ उचलायच्या आधी श्वास घेते तो ऐकू येत होता आणि त्यानंतरचा पहिला स्वर अंगावर येत होता. माझ्या मास्टरमध्ये श्वास आणि स्वर एकाच उंचीला आलेले. चार कड्या काढून टाकल्या. खालचा एक कट आणि लिमिटर, एवढंच उरलं, आणि तेच बाहेर गेलं. त्या दिवसापासून प्रत्येक प्लगइनच्या आउटपुटला मी आत आलेली पातळीच बाहेर काढतो.

कंप्रेसरचे आकडे काय ठेवू?

सुरुवातीला रेशो (किती जोरानं दाबायचं) १.५ ते २, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) ३० मिलिसेकंदांच्या आसपास, आणि किती दाबलं ते दाखवणारा काटा एक-दोन डीबीच्या पुढं हलणार नाही असा थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या वर दाबणं सुरू होतं ती). अटॅक फार छोटा केला तर थाप पडायच्या आत कंप्रेसर दाबून टाकतो आणि पखवाज कापडात गुंडाळल्यासारखा वाजतो.

रिलीज, म्हणजे दाब सोडायला लागणारा वेळ, लयीवर बसवा. मिनिटाला ९० मात्रांची लय असेल तर एक मात्रा साधारण ६६७ मिलिसेकंदांची. काटा पुढच्या मात्रेच्या आत परत जागेवर यायला हवा, म्हणून ऐकायला मी दोन-तीनशेपासून सुरू करतो. काटा ठेक्याबरोबर डोलायला लागला की बसलं असं समजा. अभंग शेवटाला द्रुतात जातो तेव्हा हा रिलीज पुरत नाही. अशा वेळी एक तर ऑटो रिलीज वापरा किंवा गाण्याचे दोन तुकडे करून शेवटच्याला वेगळं सेटिंग द्या.

पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा घुमारा, नाहीतर ढोलाचा खालचा ठोका, प्रत्येक वेळी सगळं गाणं खाली दाबत असेल तर कंप्रेसरच्या साइडचेनमध्ये (तो जे ऐकून पातळी ओळखतो त्या आतल्या वाटेवर) ८० ते १२० हर्ट्झचा हायपास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) लावा. आवाज कापला जात नाही. कंप्रेसर फक्त त्या खालच्या भागाकडं लक्ष द्यायचं सोडतो.

अभंगात टाळ कानाला टोचतात. ईक्यूनं कापले तर गायकही बोदा होतो. काय करू?

आमच्या भागातल्या रेकॉर्डिंगचा हा सगळ्यात नेहमीचा प्रश्न, आणि कारण बहुतेक वेळा एकच : टाळकरी गायकाच्या माइकच्या जवळ उभे होते. टाळाची धार साधारण चार ते नऊ किलोहर्ट्झमध्ये असते. गायकाचे स, श, च आणि शब्दांचा स्पष्टपणाही तिथंच. साधा ईक्यू दोन्ही कापतो.

इथं डायनॅमिक ईक्यू कामाला येतो. सहा किलोहर्ट्झच्या आसपास रुंदसा पट्टा घ्यायचा, थ्रेशोल्ड असा की टाळ पडला तेव्हाच तो पट्टा दोन-तीन डीबी दबेल आणि लगेच सुटेल. अटॅक एक-दोन मिलिसेकंद, रिलीज साठ-सत्तर. दोन टाळांच्या मधल्या जागेत गायकाचा आवाज जसाच्या तसा राहतो. तीन डीबीच्या पुढं जायची वेळ आली तर थांबा आणि मिक्स परत पाठवा.

याचा दुसरा फायदा लिमिटरला होतो. भजनाच्या गाण्यात सगळ्यात उंच पीक पुष्कळदा टाळाची असते. ती आधीच शांत केली की लिमिटरला मेहनत कमी पडते आणि गाणं तेवढ्याच पातळीला जास्त मोकळं वाजतं. पेटीनं गायकाला झाकलं असेल तर ती मात्र वेगळी गोष्ट. पेटीचा सूर सलग असतो, त्यामुळं डायनॅमिक ईक्यू तिथं सतत दबून बसतो. मिड-साइड ईक्यूमध्ये फक्त मधल्या भागाला अडीच किलोहर्ट्झला अर्धा-एक डीबी देऊन बघा. मिक्समध्ये पेटी बाजूला ठेवलेली असेल तरच याचा उपयोग होतो.

हलगीचं काय?

हलगीचा जीव तिच्या पहिल्या कडाडात असतो. वादक ती विस्तवावर शेकून ताणतात, आणि वाजवता वाजवता कातडं निवलं की सूर उतरतो. त्यामुळं एकाच गाण्यातले दोन टेक वेगळे वाटू शकतात. तो फरक ईक्यूनं मिटवायचा प्रयत्न मी एकदा करून पाहिला, नंतर सोडून दिला. मास्टरिंगमध्ये एवढंच करा की लिमिटरनं हलगीवर दोन-तीन डीबीच्या वर दाबू नये. लिमिटरच्या आधी सॉफ्ट क्लिपरनं एखादा डीबी घासून घेतला तर कडाड जास्त वाचतो, असा माझा अनुभव आहे.

लिमिटरचं सीलिंग, म्हणजे छत, शून्यावर का नको?

फाइलमध्ये साठवलेले सॅम्पल म्हणजे नुसते ठिपके. त्यांच्यातून आवाजाची रेघ परत काढली की ती दोन ठिपक्यांच्या मध्ये वर जाऊ शकते. त्या उंचीला ट्रू पीक म्हणतात. शिवाय स्ट्रीमिंगवाले तुमची फाइल दाबून छोटी करतात तेव्हा पीक आणखी वर सरकतात. म्हणून सीलिंग मायनस १ डीबी आणि लिमिटरमधलं ट्रू पीक चालू. गाणं फार मोठं केलं असेल तर मायनस २ ठेवा.

मायनस १४ लफ्सवरच मास्टर करायचं का?

नाही. हा आकडा नियम म्हणून पसरला आहे, आणि त्यापायी चांगली गाणी विनाकारण बारीक आवाजात गेलेली मी ऐकली आहेत.

लफ्स मोजायची पद्धत आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीएस १७७० या मानकातून आली. ते २००६ मधलं. २०१० मध्ये युरोपातल्या प्रसारण संघटनेनं रेडिओ-टीव्हीसाठी मायनस २३ ही पातळी ठरवली. स्पॉटिफाय साध्या सेटिंगला मायनस १४च्या आसपास वाजवतं, ॲपल म्युझिकचं साउंड चेक मायनस १६च्या आसपास. यूट्यूब मोठं गाणं खाली आणतं पण बारीक गाणं वर उचलत नाही. तुम्ही मायनस ९ वर दिलं तर ते पाच डीबी खाली येईल, आणि लिमिटरनं दाबून मारलेला जीव काही परत येणार नाही. तुम्ही मायनस १८ वर दिलं तर यूट्यूबवर ते शेजारच्या गाण्यापेक्षा बारीक वाजेल.

शिवाय हा आकडा सगळ्या गाण्याची सरासरी असतो. मिनिटभर आलाप, मग सगळा टाळमृदंग, अशा अभंगात आलाप मायनस २४ वर आणि शेवट मायनस ११ वर असू शकतो. मीटर फार शांत भाग मोजणीतून वगळतं, पण सगळे नाही. म्हणून मी गाण्याचा सगळ्यात भरलेला भाग आधी कानानं बसवतो आणि सरासरी काय येते ते नंतर बघतो. भजन-अभंग बहुधा मायनस १६ ते १४ मध्ये येतात, लेझीम आणि मिरवणुकीची गाणी मायनस ११-१० पर्यंत जातात. दोन्ही ठीक.

मिरवणुकीत डॉल्बीवर वाजणार असेल तर वेगळं मास्टर?

हो, द्या. तिथं पातळी सारखी करणारं कुणी नसतं आणि ऑपरेटरकडं फेडर असतो, त्यामुळं तुम्ही मोठं करून काही मिळत नाही. ३० हर्ट्झच्या खालचं कापा. बेस बॉक्स ते वाजवू शकत नाहीत आणि अँप्लिफायरची ताकद मात्र त्यात जाते. १२०च्या खालचं सगळं मोनो करा. लिमिटर स्ट्रीमिंगपेक्षा दोन-तीन डीबी सैल ठेवा, म्हणजे थापेला जागा राहते. डब्ल्यूएव्हीच द्या, पेन ड्राइव्हवर.

स्पीकरच्या एवढ्या मोठ्या भिंतीसमोर उभं राहून मास्टर तपासायचा मोह मात्र टाळा. रस्त्यावरच्या पाचच मिनिटांनी कान त्या दिवसापुरते कामाचे राहत नाहीत.

आमची खोली दहा बाय दहाची आहे. भिंतींना चादरी लावल्या, तरी बास कळत नाही.

सोलापुरात घरोघरी चादरी आणि टॉवेल असतात, त्यामुळं हा उपाय सगळ्यांना आधी सुचतो. पण पातळ कापड फक्त वरचे सूर शोषतं. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते. तिला चादर दिसतसुद्धा नाही. उलट वरचा आवाज शोषला गेल्यामुळं खोली बोदी होते, तुम्ही ईक्यूनं वरचा भाग वाढवता, आणि बाहेर गाणं कर्कश निघतं.

स्लॅबही दहा फुटांवर असेल तर खोली म्हणजे सरळ घनच. तिन्ही दिशांना ५६ हर्ट्झच्या आसपास एकच सूर घुमतो. आणि बरोबर मधोमध बसलात तर तोच सूर तुमच्या कानापाशी जवळपास नाहीसा होतो. मग तुम्ही बास वाढवत राहता. खुर्ची समोरच्या भिंतीपासून पावणेचार ते चार फुटांवर आणा, स्पीकर भिंतीपासून डावी-उजवीकडं सारख्या अंतरावर. कोपऱ्यांत चार इंच किंवा जास्त जाडीची रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर), मागं थोडी पोकळी ठेवून, कापडात गुंडाळून उभी करा. त्या कापडासाठी चादर उत्तम. तेवढंही जमत नसेल तर खालच्या भागाचे निर्णय चांगल्या, मागून उघड्या हेडफोनवर घ्या.

शेजारी माग चालतात, वर पंखा. अशात काम होतं का?

सोलापूरच्या पूर्व भागातून आलेला हा प्रश्न मला फार जवळचा आहे. यंत्रमागाची धडधड तुमच्या कानाचा खालचा भाग झाकून टाकते, म्हणून अशा वेळी बासचा निर्णय घ्यायचाच नाही. पहाटे, किंवा मागांना सुट्टी असेल त्या दिवशी घ्यायचा. मे महिन्यात पंखा बंद करून बसणं कठीण, हे खरं. मी ऐकण्याची कामं सकाळी आठच्या आत उरकतो आणि दुपारी फाइलींना नावं देणं, एक्सपोर्ट, असली कामं करतो. पंखा बंद करून दहा मिनिटं ऐकायचं, मग पंखा लावून आकडे लिहायचे, असंही चालतं. पंख्याच्या आवाजावर मात करायला व्हॉल्यूम वाढवला तर "मोठं म्हणजे चांगलं" ही मघाची फसगत पुन्हा सुरू होते.

गाण्यात सलग हम्म ऐकू येतं.

ते ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटी : १००, १५०. अगदी अरुंद नॉचनं (एकच सूर कापणाऱ्या ईक्यूनं) कमी करता येतं, पण पखवाजही तिथंच असतो. पुढच्या वेळेसाठी : लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, हम्म गेलं तर दोष अर्थिंगचा. सगळी यंत्रं एकाच बोर्डवर लावा, बॅलन्स्ड केबल वापरा.

रुंदी किती वाढवू?

बहुतेक वेळा शून्य. देवळातला भोंगा मोनो असतो, पुष्कळ मंडपांतही तसंच. कृत्रिम रुंदी देणारी बरीच प्लगइन एका बाजूचा आवाज उलटा करतात. मोनोत ते दोन्ही एकमेकांना खातात आणि मागं उभे असलेले सगळे टाळकरी नाहीसे होतात. मोनोचं बटण दाबून एकदा पूर्ण गाणं ऐका, कोरससकट.

फुकट सॉफ्टवेअरवर होईल?

नक्की होईल. रीपर ६० दिवस पूर्ण चालतो आणि नंतरचा परवानाही स्वस्त आहे. लिनक्सवर आर्डर आहे. टीडीआर नोव्हा हा डायनॅमिक ईक्यू, टीडीआर कोटेलनिकोव्ह हा कंप्रेसर, लाउडमॅक्स लिमिटर, आवाजाचे पट्टे दाखवणारा व्हॉक्सेन्गो स्पॅन आणि युलीनचा लाउडनेस मीटर, या सगळ्यांच्या मोफत आवृत्त्या आहेत. वर सांगितलेलं बहुतेक काम एवढ्यात होतं. पैसे असतील तर आधी खोलीत घाला.

डिदर कधी?

१६ बिट करताना, एकदाच, सगळ्यात शेवटी. सॅम्पल रेट बदलायचा असेल तर त्याच्याही नंतर. २४ बिट पाठवत असाल तर काळजी नको.

आठ अभंगांचा अल्बम आहे. सगळे एकाच लफ्सवर आणू?

नका आणू. एकतारीवरचा एकट्या गायकाचा अभंग आणि पूर्ण दिंडीचा गजर एकाच आकड्यावर आणले तर एकतारी गजरापेक्षा मोठी वाटते. गायकाचा आवाज सगळीकडे सारख्या अंतरावर वाटला पाहिजे, आकडे मग वेगवेगळे येऊ द्या. स्पॉटिफायवर अल्बम सलग लावला तर गाण्यांमधला हा आपसातला फरक तसाच राखला जातो.

मास्टर झाल्यावर काय जपून ठेवू?

आलेला मूळ मिक्स, प्रोजेक्टची फाइल, २४ बिटचं मास्टर आणि प्रत्येक कडीचे आकडे लिहिलेला कागद किंवा त्याचा फोटो. प्लगइन पुढच्या कॉम्प्युटरवर उघडतीलच असं नाही, कागद उघडतो. फाइलच्या नावात "फायनल" लिहू नका, तारीख लिहा. आणि दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक जागा घराबाहेरची. भजनी मंडळातले म्हातारे गायक पुन्हा रेकॉर्डिंगला येतीलच असं नसतं, आणि त्यांची मुलं चार-पाच वर्षांनी ती फाइल मागायला येतात.